जाँ देझेर नावाचा पुरुष

मराठीत फर्निचरलाही लिंग असतं. ती खुर्ची, तो पाट, ते टेबल. ती खाट, तो पलंग, ते बाकडं. इंग्रजीत यातलं काहीच नाही, तिथं सगळ्याला एकच 'इट'. दोन्ही भाषांत वाचत असल्यामुळे मला याची नेहमी गंमत वाटते. आमच्या कडोलीत घरातले बाप्ये ज्या खुर्चीवर बसतात ती व्याकरणात बाई, आणि बायका ज्या पाटावर बसतात तो व्याकरणात पुरुष. पण घराचे नियम व्याकरणाला विचारत नाहीत. सोप्यातली हातांची खुर्ची आजोबांची. ते नसले की वडिलांची. पाहुणा आला की पाहुण्याची. आजी उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसणार. राजकारणात सत्तेलासुद्धा आपण 'खुर्ची' म्हणतो, ते काय उगाच नाही.

खुर्ची कुणाची याचे जसे नियम, तसेच तिच्यावर बसायचं कसं याचेही. पोरग्यानं ऐसपैस बसावं. पायावर पाय चढवून, हात मांडीत घेऊन बसलं की कुणीतरी म्हणतंच, बायकांसारखं काय बसलायस. हे मी अगदी लहानपणापासून ऐकत आलोय. कुणी वाईट हेतूनं म्हणत नाही. पण मग खुर्चीत बसल्यावर शरीराकडं सारखं लक्ष जायला लागतं. खुर्ची विश्रांतीसाठी असते हेच आपण विसरतो.

यंदा अभ्यासक्रमात आधुनिकतावाद आहे. वुल्फ आणि जॉइस यांच्याबरोबर त्या काळातली चित्रं आणि घरंही आम्हाला दाखवली गेली. त्यात एक खुर्ची होती, तिला एकच हात. एका बाजूला नेहमीसारखा टेकायचा हात, दुसरी बाजू मोकळी. मोडली नव्हती, मुद्दाम तशीच केली होती, बसणाऱ्याला हवं तसं वळता यावं म्हणून. नाव 'नॉन-कन्फर्मिस्ट', म्हणजे चाकोरी न मानणारी. साल १९२६. ती करणाऱ्या बाईचं नाव आयलीन ग्रे. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. या बाईचं आयुष्य आपल्या मंडळाच्या वाचकांना सांगावंसं वाटलं. तिची एक खुर्ची मराठी घरात येऊन राहिली होती आणि त्या घरातली सून आपल्याच भागातली होती, हे त्याचं आणखी एक कारण.

आयलीनचा जन्म ९ ऑगस्ट १८७८ चा. गाव एनिस्कॉर्थी, आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड परगण्यातलं. पाच भावंडांत ती सगळ्यात धाकटी. वडील जेम्स स्मिथ चित्रकार होते आणि त्यांचा बराच काळ इटलीत जायचा. आईकडं १८९५ मध्ये स्कॉटलंडमधल्या घराण्याची 'बॅरोनेस ग्रे' ही पदवी आली आणि मुलांचं आडनाव स्मिथचं ग्रे झालं. म्हणजे हे आडनाव तिला आईकडून मिळालं. घरात पैसा होता, नावही होतं. अशा घरातल्या मुलीनं नाचाच्या मेजवान्यांना जावं, चांगलं स्थळ बघावं आणि संसाराला लागावं, एवढीच अपेक्षा होती. आयलीननं ती पूर्ण केली नाही. लंडनच्या स्लेड कलाशाळेत ती चित्रकला शिकायला गेली आणि १९०२ मध्ये थेट पॅरिसला.

त्या काळाची एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवायला हवी. ऑस्कर वाइल्ड हाही आयरिश. पुरुषांवर प्रेम केलं म्हणून १८९५ मध्ये लंडनच्या कोर्टानं त्याला दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा दिली. सुटल्यावर तो पॅरिसला आला आणि १९०० मध्ये एका साध्या हॉटेलात वारला. मरताना त्यानं कॅथलिक धर्म स्वीकारला होता. हे हॉटेल ज्या गल्लीत होतं ती गल्ली र्यू बोनापार्त या रस्त्याला मिळते. त्याच र्यू बोनापार्तवर २१ नंबरच्या इमारतीत आयलीननं १९०७ मध्ये फ्लॅट घेतला आणि मरेपर्यंत, जवळजवळ ७० वर्षं, तो सोडला नाही. बायकांच्या आपसातल्या प्रेमाबद्दल इंग्लंडच्या कायद्यात शिक्षा नव्हती. पण वाइल्डचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पॅरिसमध्ये त्यातल्या त्यात मोकळा श्वास घेता यायचा. सीन नदीच्या डाव्या काठावर बायका कोट-टाय घालायच्या, केस आखूड ठेवायच्या, एकमेकींबरोबर घर करून राहायच्या. आयलीन त्या घोळक्याच्या कडेनं वावरत होती. तिचा स्वभाव लाजाळू होता. बर्निस अॅबटनं १९२६ मध्ये काढलेला तिचा फोटो बघा. केस आखूड कापलेले, चेहरा बाजूला वळवलेला.

तिनं पहिली कारागिरी निवडली ती लाखेरी कामाची. इथं थोडं थांबून सांगतो. आंबोली घाट उतरला की सावंतवाडीत आपण लाखेचं काम बघतो, गंजिफा आणि लाकडी खेळणी. आपली लाख किड्यापासून मिळते. चीन-जपानकडची लाख झाडाच्या चिकापासून करतात. लाकडावर तिचा एक पातळ थर द्यायचा, दमट खोलीत दिवसचे दिवस वाळवायचा, घासायचा, मग पुढचा थर. असे वीस-वीस, तीस-तीस थर. हा चीक अंगाला लागला की हातावर फोड येतात. लंडनमध्ये सोहो भागातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात तिनं या कामाची धुळाक्षरं गिरवली. पुढं पॅरिसमध्ये तिला सेइझो सुगावारा हा जपानी कारागीर भेटला. त्याच्या हाताखाली ती शिकली. हातांना त्रास झाला तरी तिनं काम सोडलं नाही. १९१० मध्ये दोघांनी मिळून वर्कशॉप सुरू केलं. त्याच सुमारास एव्हलिन वाइल्ड या मैत्रिणीबरोबर गालिचे विणायचं दुसरं वर्कशॉपही निघालं. त्या दोघी विणकाम शिकायला मोरोक्कोला गेल्या होत्या.

म्हणजे खानदानी घरातली मुलगी सुतारकामाच्या भुशात आणि लाखेच्या वासात काम करत होती. लाकूड, लोखंड, हत्यारं ही त्या काळी पुरुषांची कामं. बायकांनी फार तर उशांचे अभ्रे भरावेत. आपल्याकडंही सुतारमेटावर बाई रंधा मारताना मी अजून पाहिलेली नाही. आम्हा कॅथलिकांना सुताराचं चित्र म्हटलं की संत योसेफ आठवतो. १ मे हा कामगार संत योसेफाचा सण. मला त्याच्याबद्दल एक गोष्ट फार आवडते, ती म्हणजे शुभवर्तमानांत तो एक शब्दही बोलत नाही. घर सांभाळतो, काम करतो, गप्प असतो. मोठ्या आवाजाच्या मर्दानगीत तो बसत नाही, तरी चर्चनं त्याला घराचा रक्षक म्हटलं. ही तुलना ओढूनताणून केलेली वाटेल, पण आयलीनबद्दल वाचताना मला त्याची आठवण आली. तीही कमी बोलायची आणि हातानं काम करायची.

१९१३ मध्ये तिचं काम प्रदर्शनात लागलं आणि झाक दूसे या मोठ्या फॅशनवाल्यानं तिच्याकडून लाखेरी पडदा घेतला. मग पहिलं महायुद्ध आलं. पॅरिसमध्ये तिनं काही काळ रुग्णवाहिका चालवली. युद्धानंतर मादाम मात्यू लेव्ही या श्रीमंत बाईचा अख्खा फ्लॅट सजवायचं काम तिला मिळालं. होडीच्या आकाराचा दिवाण, लाखेच्या विटा जोडून केलेले पडदे, ड्रॅगनच्या हातांची आरामखुर्ची, अशा एकेक वस्तू या काळातल्या. त्यातली ड्रॅगनची खुर्ची २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात जवळजवळ २ कोटी १९ लाख युरोला गेली. तेव्हा आयलीनला जाऊन ३२ वर्षं झाली होती.

याच काळात दामिया तिच्या आयुष्यात होती. दामिया ही पॅरिसमधली गाजलेली गायिका. काळ्या पोशाखात रंगमंचावर उभी राहून ती दुःखाची गाणी म्हणायची. दोघींचं प्रेम होतं. आयलीनची एक खुर्ची आहे, 'सिरेन' नावाची. तिच्या पाठीवर जलपरी कोरली आहे आणि त्या जलपरीनं समुद्रघोड्याला कवेत घेतलंय. ही खुर्ची दामियाकडं होती. समुद्रघोड्यांत पिल्लं पोटात वाढवण्याचं काम नर करतो, हे आपण शाळेत शिकलोय. आयलीनच्या मनात ते होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. पण कोरताना तिनं नेमका तोच प्राणी घेतला, याची मला मजा वाटते.

आता माझ्या शीर्षकातला पुरुष. १९२२ मध्ये आयलीननं पॅरिसच्या फोबूर सेंतोनोरे या महागड्या रस्त्यावर स्वतःचं दुकान काढलं. खुर्च्या, पडदे, दिवे, गालिचे, सगळं तिचंच डिझाइन. पाटीवर नाव मात्र जाँ देझेर. जाँ हे पुरुषाचं नाव, आपल्याकडच्या जॉनसारखं. देझेर म्हणजे वाळवंट. उत्तर आफ्रिकेतलं वाळवंट तिला फार आवडायचं, त्यावरून घेतलेलं. असा कुणी माणूस नव्हताच. बाईच्या नावाच्या दुकानात लोक गंभीरपणे येतील की नाही, असं तिला वाटलं असणार. म्हणून तिनं एक पुरुष तयार केला आणि त्याला पाटीवर बसवलं.

मी या पाटीचा खूप विचार केला. मराठी साहित्यातही पुरुषाच्या नावानं लिहिणाऱ्या बायका आणि बाईच्या नावानं लिहिणारे पुरुष होऊन गेले, हे आपण जाणतो. पण इथं आणखी एक गोष्ट दिसते. पुरुष असणं म्हणजे हाडामासाचं काहीतरी पक्कं असं आपण धरून चालतो. आयलीननं दाखवलं की निम्मं पुरुषपण पाटीवर असतं. एक नाव, एक चांगला पत्ता, बंद दारामागं बसलेला कुणीतरी मोठा माणूस असल्याचा भास. तेवढ्यावर बाजार समाधानी होता. आमच्या भागात पोरांकडून जी मर्दानगी मागितली जाते, त्यातला पाटीचा भाग किती आणि आतला माणूस किती, असा प्रश्न मला तेव्हापासून पडतो.

दुकान फारसं चाललं नाही. १९२३ च्या प्रदर्शनात तिनं मांडलेल्या झोपायच्या खोलीला फ्रेंच टीकाकारांनी भयंकर म्हणून नावं ठेवली. हॉलंडमधल्या नव्या वास्तुकारांना मात्र तीच खोली आवडली आणि १९२४ मध्ये तिथल्या 'वेन्डिंगेन' मासिकानं तिच्यावर आख्खा अंक काढला. १९३० मध्ये जाँ देझेर बंद झालं. पण त्याआधी तिथल्या एका खुर्चीचं नशीब आपल्या बाजूला वळलं होतं.

ती 'ट्रान्सॅट'. अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींच्या डेकवर ज्या घडीच्या आरामखुर्च्या असायच्या, त्यांवरून घेतलेलं नाव. लाखेरी लाकडाची चौकट, तिच्यात टांगल्यासारखी मऊ गादी, आणि डोकं टेकायची पट्टी हवी तशी पुढं-मागं होणारी. ही खुर्ची इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यात आली. इंदूरचे होळकर म्हणजे मराठी राजघराणं, अहिल्यादेवींचं. दुसरे यशवंतराव होळकर १९०८ सालचे. वडिलांनी गादी सोडल्यामुळे १९२६ मध्ये कोवळ्या वयात ते राजे झाले. इंग्लंडमध्ये शिकत असताना एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराशी त्यांची मैत्री झाली. त्यानं १९३० ते १९३३ मध्ये माणिकबाग बांधला. नक्षीचे खांब नाहीत, झुंबरं नाहीत. सरळ रेषा, काच, धातू. युरोपातल्या सगळ्यात नव्या डिझायनरांचं फर्निचर तिथं आलं आणि त्यात आयलीन ग्रेचं होतं.

यशवंतरावांच्या पत्नी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातल्या. निपाणी सोडून कोल्हापूरच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात कागल लागतं. आपण एसटीतून कितीदा तरी गेलोय. त्या कागलची लेक अशा घरात राहायला गेली जिथं पॅरिसच्या एका आयरिश बाईची खुर्ची होती. संयोगिताराजे १९३७ मध्ये फार लहान वयात वारल्या. पुढं १९८० मध्ये मोनॅकोत माणिकबागच्या फर्निचरचा लिलाव झाला आणि खुर्च्या जगभर पांगल्या. राजवाड्यात सरकारी कर खात्याचं ऑफिस आलं.

यशवंतरावांची दोन मोठी चित्रं बर्नार बुते द मोन्व्हेल या फ्रेंच चित्रकारानं काढली. १९२९ च्या चित्रात ते युरोपियन संध्याकाळच्या पोशाखात आहेत. नंतरच्या चित्रात मराठी पोशाखात पांढऱ्या गादीवर बसलेले. दोन्हींत शरीर सडपातळ, लांब नाजूक बोटं. आपल्या डोळ्यांपुढचा मराठा राजा म्हणजे घोडा, तलवार, पिळदार मिशी. हा राजा तसा नाही, तरी त्याच्या राजेपणात काही कमी वाटत नाही. एकच माणूस दोन पोशाखांत, दोन तऱ्हांनी बसतो आणि दोन्ही वेळा तो खराच असतो. याच्यावरून त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल मला काही सुचवायचं नाही. मर्दानगीचा साचा आपल्याच घरात एवढा सैल असू शकत होता, एवढंच म्हणायचंय.

आता आयलीनचं घर. ज्याँ बादोविची हा रुमानियाहून आलेला वास्तुकार आणि संपादक. वयानं तिच्यापेक्षा बराच लहान. दोघांचं प्रेम जमलं. तिनं स्त्रियांवर प्रेम केलं तसं पुरुषावरही केलं. त्याच्या सांगण्यावरून, वास्तुकलेचं कुठलंही रीतसर शिक्षण नसताना, तिनं १९२६ ते १९२९ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठी रोकब्रूनला एक घर बांधलं. नाव ई-१०२७. ऐकायला मोटारीच्या नंबरासारखं. फोड अशी: ई म्हणजे आयलीन, दहावं अक्षर जे, दुसरं बी, सातवं जी. आयलीनच्या दोन अक्षरांच्या मिठीत ज्याँ बादोविची. दुकानावर तिनं खोटं नाव लावलं, घरावर खरी नावं लावली पण आकड्यांत लपवून.

त्या घरातलं टेबल आज सगळ्यात प्रसिद्ध आहे. स्टीलची नळी, वर गोल काच, आणि एका बाजूला दांडा. दांड्याला भोकं आणि साखळीला बांधलेली खीळ, तिच्यानं उंची कमी-जास्त करायची. पाया पलंगाखाली सरकतो आणि काच अंथरुणावर येते. आयलीनच्या बहिणीला अंथरुणात बसून नाश्ता करायला आवडायचं, तिच्यासाठी हे केलं. दाढीसाठी एक गोल आरसा होता, त्याच्या दांडीला दुसरा छोटा आरसा, मानेमागचं दिसावं म्हणून. याच काळातली 'बिबेंडम' खुर्ची म्हणजे मिशलिन टायरच्या जाहिरातीतला गुबगुबीत माणूस. त्या पुरुषाच्या अंगाच्या वळ्यांची तिनं मऊ खुर्ची केली. तिच्या फर्निचरमध्ये कोण बाई, कोण बाप्या असा हिशोब नाही. अंग कुठं दुखतं, काय आवडतं, हात कुठवर पोचतो, एवढं बघितलेलं आहे.

याच्या उलट माप ल कार्बुझिएचं. चंदीगडमुळे हे नाव भारतात सगळ्यांना माहीत आहे. त्यानं पुढं 'मोड्युलर' नावाची मापपद्धत काढली. तिच्यातलं प्रमाण शरीर म्हणजे हात वर केलेला १.८३ मीटर उंचीचा पुरुष. चंदीगडच्या इमारतींत हे माप वापरलं गेलं. सहा फुटी पुरुष हे माणसाचं माप धरलं, तर आमच्या आजीनं कुठल्या खुर्चीत बसायचं? मीही तेवढा उंच नाही.

हाच कार्बुझिए बादोविचीचा मित्र. आयलीन १९३२ च्या सुमारास ते घर बादोविचीकडं सोडून गेली होती. १९३८-३९ मध्ये कार्बुझिए तिथं येऊन राहिला आणि आयलीनच्या साध्या पांढऱ्या भिंतींवर त्यानं मोठमोठी चित्रं काढली. उघड्या अंगानं, नागडा होऊन काढली, तसा फोटोच आहे. आयलीनला विचारलं नाही. तिच्या लेखी ही नासधूस होती. युद्धात सैनिकांनी त्या भिंतींवर नेमबाजी केली. तिचं सामान आणि रेखाचित्रंही युद्धानं खाल्ली. पुढं १९५२ मध्ये कार्बुझिएनं त्याच घराच्या मागं स्वतःची लाकडी खोली बांधली आणि १९६५ मध्ये तिथल्याच समुद्रात पोहताना तो वारला. मधल्या काळात लोक ते घर कधी बादोविचीचं, कधी कार्बुझिएचं समजत राहिले. जाँ देझेर हा पुरुष तिनं स्वतः उभा केला होता. आता दोन खऱ्या पुरुषांखाली तिचं नाव झाकलं गेलं, आणि हे तिनं निवडलेलं नव्हतं.

तिनं कास्तेलार गावी स्वतःसाठी दुसरं घर बांधलं. मग पंचवीस-तीस वर्षं तिला कुणी विचारलं नाही. १९६८ मध्ये जोसेफ रिकवर्ट या अभ्यासकानं 'डोमुस' मासिकात तिच्यावर लेख लिहिला, तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. १९७२ मध्ये दूसेचा तो जुना पडदा लिलावात मोठ्या किमतीला गेला आणि वर्तमानपत्रांना कळलं की ही बाई अजून जिवंत आहे. लंडनच्या झीव अराम यांनी १९७३ पासून तिची डिझाइन्स पुन्हा बनवायला घेतली. ३१ ऑक्टोबर १९७६ ला ती पॅरिसमध्ये वारली, वय ९८. पेर लाशेझ दफनभूमीत तिला पुरलं, तिथंच ऑस्कर वाइल्डचीही कबर आहे. वाइल्डच्या कबरीवर जगभरचे लोक येतात. आयलीनची कबर आज ओळखता येत नाही, जागेचं भाडं पुढं कुणी भरलं नाही म्हणून.

जाण्याआधी तिनं एक काम केलं होतं. आपली बहुतेक खाजगी पत्रं तिनं जाळून टाकली.

इथं चरित्र लिहिणाऱ्याची अडचण होते. तिला आज आपण क्वीअर म्हणतो. मीही वर तसंच गृहीत धरून लिहिलंय, कारण दामियाचं प्रेम लपलेलं नाही. पण तिनं स्वतःला कुठलंच नाव लावलं नाही, आणि जे सांगता आलं असतं ते विस्तवात टाकलं. मग आपण ते राखेतून उकरावं का? माझं मत असं, की तिनं दोन गोष्टी ठरवून केल्या. पत्रं जाळली आणि फर्निचर ठेवलं. दोन्हींचा मान राखावा. एकच हात असलेली खुर्ची, उंची बदलणारं टेबल, जलपरीच्या कवेतला समुद्रघोडा, हे तिनं आपल्याला दाखवायला ठेवलंय. त्याबद्दल खुशाल बोलू या.

तरी एक खुपतं. गप्प राहणं हौसेनं असतं तसं भीतीनंही असतं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आपल्या बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत लुगडं नेसलेले जोगते डोक्यावर जग घेऊन येतात. लोक त्यांच्या पाया पडतात. म्हणजे पुरुषाच्या साच्यात न बसणारी माणसं आपल्याला नवीन नाहीत. पण देवळात पाया पडणारा माणूस घरी सोप्यातल्या खुर्चीवर त्यांना बसवेलच असं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ चा जाच काढून टाकला. आयर्लंडसारख्या कॅथलिक देशात १९९३ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत आणि २०१५ मध्ये जनतेनं मत देऊन समलिंगी विवाह मान्य केला. आपल्या चर्चची शिकवण विवाहाबद्दल वेगळी आहे, हे मला माहीत आहे. पण अशा माणसांना आदरानं आणि मायेनं वागवावं, अन्याय करू नये, हेही त्याच शिकवणीत लिहिलेलं आहे. तो भाग मी प्रवचनात फारसा ऐकलेला नाही. कोर्टाचा निकाल गावात यायला वेळ लागतो. तोवर आमच्यातली काही पोरं लग्नाला उभी राहतात, काही पुण्या-बेंगळुरूला निघून जातात, आणि काही बसताना पाय कसे ठेवायचे ते बघत राहतात.

मी यांच्यातला कोण, हे या लेखात सांगणार नाही. आयलीननं केलं तसं, काही गोष्टी मी माझ्याकडं ठेवतो. मला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेन, आणि तोवर मला कुणी विचारू नये. आपल्या मंडळात एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. जो जसा बसलाय तसा बसू द्यावा. कुणी काही सांगितलं तर ऐकून घ्यावं. नाही सांगितलं तर त्याच्यासाठी खुर्ची ठेवावी आणि कार्यक्रम पुढं चालू करावा.